नळाजवळची सर्व्हिस

शनिवार, ८ नोव्हेंबर. सकाळी ७.१०

आजपासून रोज लिहायचं. खाडाखोड नाही. जे घडलं तेवढंच. आजोबांनी, दत्तोपंतांनी, मला चौथीपर्यंत घरीच शिकवलं, कारण शाळेच्या फाटकापाशी मला उलटी व्हायची. दत्तोपंत म्हणजे तहसील कचेरीत जन्म गेलेला माणूस. त्यांचा पहिला धडा: केलेलं काम दोनदा तपासावं. दुसरा धडा: पहिला धडा पुन्हा वाचावा.

संकल्प: २८ तारखेच्या आत जुना फोन पाण्यावर नेमायचा.

कारण लिहून ठेवते. शुक्रवारी २८ नोव्हेंबरला आईची गाण्याची प्रवेशिका परीक्षा आहे. शहागंजला, मंजुषा मॅडमच्या क्लासवर, सकाळी अकरा वाजता. एप्रिलमध्येही होती. नेमकं त्या दिवशी पाणी आलं. आमच्याकडे पडेगावात पाणी आठवड्यातून एकदा येतं, कधी सहाव्या दिवशी, कधी आठव्या. तासभर. वेळ त्याची मर्जी. मी चिकलठाण्याला ऑफिसात होते. आई हिरवी साडी नेसून तयार होती, ती तशीच अंगणात पाइप धरून उभी राहिली. संध्याकाळी म्हणाली, "जाऊ दे, यमन काय पळून जातोय?" मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

काल पाणी आलं. सात-सात दिवस धरले तर १४, २१ आणि बरोब्बर २८. कॅलेंडर दोनदा तपासलं.

योजना: पाणी यायच्या आधी नळ फुसफुसतो. तो आवाज फोन ऐकेल आणि मला मेसेज करेल. मी स्कूटीवर चाळीस मिनिटांत घरी. पहिला अर्धा तास पाइप खालच्या चतुराबाईंच्या टाकीत असतो, दुसरा अर्धा आमच्या. म्हणजे माझ्या हातात वीस मिनिटं. वीस मिनिटांत टाकी अर्ध्याहून जास्त भरते. अर्ध्याहून जास्त म्हणजे जवळजवळ पूर्ण.

चतुराबाई देवगाव रंगारीच्या. परवाही म्हणाल्या, "म्या घरीच हाये की. माझी टाकी भरली का पाइप उचलून तुमच्यात टाकते. त्यात काय लई मोठं?" मी नम्रपणे नाही म्हटलं. त्यांचे गुडघे दुखतात. आणि आपलं काम दुसऱ्यावर टाकू नये. (तिसरा धडा.)

त्यांची स्वतःची पद्धत अशी: नळ उघडा ठेवायचा आणि खाली स्टीलचं ताट उपडं घालायचं. पाणी आलं की ताट वाजतं. पद्धत जुनी आहे. तिच्यात नोंद राहत नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

तयार अ‍ॅप घ्यायचं नाही, हे ठरलं. तयार अ‍ॅप आधी मायक्रोफोन मागतं, मग फोटो, मग कॉन्टॅक्ट. अंगणात बायका बोलतात. त्यांचं बोलणं परक्या कंपनीच्या हवाली करणं मला पटत नाही. मी स्वतः छोटा प्रोग्राम लिहिणार. पडद्यावर काही दिसणार नाही, मागं बसून गुपचूप काम करेल. यालाच सर्व्हिस म्हणतात.

लिहायचा लॅपटॉपवर, पण बनवायचा फोनच्या प्रोसेसरसाठी. याला क्रॉस-कंपाइल म्हणतात. माहेरी लाटलेल्या पोळ्या सासरी वाढण्यासारखं आहे.

सकाळी ११.३०. प्रोग्राम बनला. एकही चूक नाही. साखर खाल्ली.

११.३५. फोन म्हणतो, ही फाइल चालवता येत नाही.

दुपारी ४.४५. कारण सापडलं. फोनचा प्रोसेसर चौसष्ट बिटांचा, पण कंपनीनं आत सिस्टिम बत्तीस बिटांची घातली आहे. डब्यावर हे कुठंही लिहिलेलं नाही. ही माझी चूक नाही. पाच तास गेले, पण पाया पक्का झाला.

सोमवार, १० नोव्हेंबर

चाललं! दर मिनिटाला सर्व्हिस नोंद करते: "मी जिवंत आहे." ऑफिसात सुदर्शनला सांगितलं. तो शेजारच्या खुर्चीवर बसतो, फोनमधलं त्याला बरंच कळतं. म्हणाला, "एखाद्या शेजारणीला फोन करायला सांग की, पाणी आलं म्हणून. फुकटात होईल." मी म्हटलं, माणसावर अवलंबून राहणारी सिस्टिम ही सिस्टिम नव्हे. तो म्हणाला, "वा, मॅडम."

संध्याकाळी ७.२०. नोंदी पाहिल्या. सर्व्हिस सत्तेचाळीस मिनिटं जिवंत होती. पडदा काळा झाला आणि फोननं तिला मारलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

बॅटरी वाचवण्याची सेटिंग चार ठिकाणी असते. चारही बंद केल्या. सर्व्हिस पुन्हा मेली. वर फोनचा अभिमानानं निरोप: "एक प्रोग्राम बॅटरी संपवत होता. आम्ही तो थांबवला." आम्ही!

उपाय सापडला. दुसरा छोटा प्रोग्राम लिहिला, रखवालदार. पहिला मेला की तो त्याला उठवेल.

संध्याकाळी. फोननं आधी रखवालदाराला मारलं.

रखवालदारावर दुसरा रखवालदार नेमला. आता फोन तिघांना एकदम मारतो. पण पूर्वी एकेकाला मारायचा, आता त्याला एकदम ताकद लावावी लागते. प्रगती आहे.

बुधवार, १२ नोव्हेंबर

अंगणात मायक्रोफोन ठेवायचा तर तिथं वावरणाऱ्यांची संमती हवी. कागद तयार केला: "नळाजवळ फोन ठेवला आहे. तो आवाज ऐकतो, साठवत नाही." आईनं न वाचता सही केली. तिला वाचायला लावून पुन्हा घेतली.

चतुराबाईंनी चष्मा लावून पूर्ण वाचला. म्हणाल्या, "म्हंजे म्या सुनंला बोलले तर ह्यो ऐकणार?"

मी म्हटलं, "ऐकेल मावशी, पण लक्षात ठेवणार नाही."

"म्हंजे आमच्या ह्यांच्यावाणीच," म्हणाल्या, आणि सही केली.

मग ताटाचं सांगितलं. ताट वाजलं तर फोनचा गोंधळ होईल, तेव्हा २८ पर्यंत ताट घालू नका. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "ताट काढू? बरं बाई. तुझं शिक्षण लई हाय." याला होकार समजून कागदावर तशी नोंद केली.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

पाणी आज आलं. सहाव्या दिवशी. सकाळी अकराला. सर्व्हिस ९.१२ ला मेलेली. आई घरी होती म्हणून निभावलं. आज चाचणीचा दिवस धरलेलाच नव्हता, त्यामुळं हे अपयशात मोजत नाही.

फायदा मात्र झाला. नळ फुसफुसला की फोनवरचं रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबायचं, हे आईला सांगून ठेवलं होतं. तिनं दाबलं. चाळीस सेकंदांचा नमुना मिळाला. आता सर्व्हिस हा आवाज पाठ करेल आणि पुन्हा ऐकू आला की मेसेज करेल.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सकाळी ८.०५. मेसेज आला: "पाणी आले." पायात चप्पल न घालता खाली धावले, पाइप लावला. नळ कोरडा.

८.२०. पुन्हा मेसेज. पुन्हा खाली. कोरडा.

८.४०. तिसऱ्यांदा. चतुराबाई ओट्यावर भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "पोरी, नळाला तहान लागली का? सारखी पाइप दाखवायली."

१०.१५. नमुना हेडफोन लावून ऐकला. पहिले चार सेकंद नळ. उरलेले छत्तीस सेकंद आई. नि रे ग, रे ग, म॑ ग रे. स्वच्छ. सर्व्हिसनं पाणी म्हणून आईचा यमन पाठ केला आहे.

आईला विचारलं, पाइप धरून तू गात होतीस? तिला अपराधी वाटलं. म्हणाली, "पाण्याच्या दिवशी तेवढाच तास कुणी काही मागत नाही गं. आणि तो नळ फुसफुसतो ना, माझ्याच पट्टीत, काळी चारला फुसफुसतो. तंबोऱ्यासारखा सूर मिळतो."

चार सेकंद पुरत नाहीत, नवा नमुना पुढच्या पाण्यालाच मिळणार. तोपर्यंत आईला विनंती केली की रियाझ मनातल्या मनात कर, किंवा हळू. आई लगेच हो म्हणाली. ती लगेच हो म्हणाली की मी पुन्हा एकदा विचारते. पण हे सगळं तिच्या परीक्षेसाठीच आहे, म्हणून काही दिवस चालेल.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आई तीन दिवस गायली नाही. घर फार स्वच्छ झालं आहे.

चतुराबाईंनी जिन्यात गाठलं. "परीक्षा तुझ्या आईची का त्या फोनची?" मी म्हटलं, मावशी, तांत्रिक अडचण आहे, तात्पुरती. "तात्पुरतं म्हणत म्हणत आमच्या सासूबाई सतरा वरीस आमच्याकडं राहिल्या." मग म्हणाल्या, "म्या तिला माझ्याकडं बोलवलंय. दार लावून गाईल. तुझ्या यंत्राला ऐकू यायचं नाय."

उत्तम तोडगा. मला सुचायला हवा होता.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

पाणी आठव्या दिवशी. सर्व्हिस बंद होती. पहाटे फोननं स्वतःच स्वतःला अपडेट केलं आणि सगळं पुसलं. ही दैवी आपत्ती आहे.

नवा नमुना मिळाला नाही, म्हणून लॅपटॉपवरून सर्व्हिस जुन्याच नमुन्यासह पुन्हा चढवली. नळ फुसफुसला तेव्हा आई चतुराबाईंच्या घरात, दार लावून गात होती. दोघी बाहेर आल्या तेव्हा पाणी वाहतच होतं. चतुराबाईंची टाकी अर्धी, आमची पाऊण. का, हे मी विचारलं. आई म्हणाली, त्यांनीच पाइप आधी आमच्यात टाकला.

जमेची बाजू: आजपासून सातवा दिवस २८. मी आधीच म्हटलं होतं.

रविवार, २३ नोव्हेंबर. दुपारी

मोठा शोध. पडदा चालू असेल तर फोन सर्व्हिसला मारत नाही. दोन आठवड्यांत हे आधी का दिसलं नाही? कारण मी बघायला जायचे तेव्हा पडदा चालूच असायचा. मी बघत असले की सगळं सुरळीत, नजर हटली की खून.

पडदा जास्तीत जास्त तीस मिनिटं चालू राहतो. म्हणजे एकोणतीस मिनिटांनी बोट लावलं की झालं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

सुदर्शनला सांगितलं. त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे कुणीतरी नळापाशी बसायचं, आणि दर अर्ध्या तासाला फोनला बोट लावायचं, म्हणजे फोन चिकलठाण्याला कळवणार की नळाला पाणी आलं?"

मी म्हटलं, सध्यापुरतं.

"मग तो बसलेला माणूसच पाइप का लावत नाही?"

त्याला रचना समजलेली नाही. वाद घातला नाही.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

उद्याची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात "वैयक्तिक" लिहिणं खोटं वाटलं, म्हणून "घरी फोनजवळ बसणे" लिहिलं. साहेबांनी बोलावून विचारलं, कुणाचा फोन येणार आहे? म्हटलं, येणार नाही, तो आहेच. त्यांनी सही केली आणि तब्येतीची काळजी घे म्हणाले.

संध्याकाळी आई म्हणाली, "उद्या तू घरीच आहेस?"

"हो."

"मग फोन कशाला?"

"मी फोनसाठी थांबतेय, आई."

 आई म्हणाली, "बरं."

उद्याची तयारी. चार्ज: शंभर टक्के. मेसेज दोन नंबरांवर जाणार, माझ्या आणि आईच्या. एक चुकला तर दुसरा असावा. (पहिला धडा.)

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

६.३०. पाणी नाही. सर्व्हिस जिवंत.

८.००. मी अंघोळीला. आईचा शेवटचा रियाझ, खाली नळाशेजारी. आज अडवलं नाही. परीक्षेचा दिवस आहे.

९.५०. आई निघाली. तीच हिरवी साडी. दोनदा मागं वळून बघितलं, एकदा माझ्याकडं, एकदा चतुराबाईंच्या दाराकडं. रिक्षात बसताना म्हणाली, "पाण्याचं फार मनाला लावून घेऊ नको." मी म्हटलं, तू निर्धास्त जा.

१०.२९. बोट लावलं.

१०.३५. खबरदारी म्हणून फोन एकदा बंद करून चालू केला. मेसेज जातात की नाही हे तपासलं नव्हतं.

१०.३६. जातात. माझा फोन वाजला: "पाणी आले." नळाकडं पाहिलं. कोरडा. पुन्हा वाजला. पुन्हा. एकूण नऊ वेळा. सकाळी आई नऊ वेळा सुरुवातीपासून गायली होती. सर्व्हिसनं ते सगळं इमानदारीनं ऐकून ठेवलं, आणि नेट झोपलं होतं म्हणून आता जागं झाल्यावर एकदम पाठवलं. मला. आणि आईला.

१०.३८. आईला फोन. बंद. पुन्हा. बंद.

१०.४०. ती निघाली असणार. आईला "पाणी आले" वाचून थांबता येत नाही, सव्वीस वर्षं बघतेय. शहागंजला जाते. बोट लावून जाते.

दुपारी ३.००

सविस्तर लिहिते. रस्त्यात समोरून येणाऱ्या प्रत्येक रिक्षात डोकावून बघत गेले. एका रिक्षावाल्यानं विचारलं, "क्या ढूँढ रहे दीदी?" मी म्हटलं, आई. त्यानं रिक्षा बाजूला घेऊन मला वाट दिली.

क्लासवर ११.१० ला पोहोचले. दाराबाहेर चपलांचा ढीग, त्यात आईची काळी चप्पल. आतून आवाज येत होता. नि रे ग. मंजुषा मॅडमनी ओठांवर बोट ठेवून मला खूण केली. मी चपलांत उभी राहिले. घरात, बेसिनपाशी, पाइप धरून आई गाते तेव्हा तो आवाज मी कधी नीट ऐकला नव्हता. कुठं भांडं वाजलं की ती थांबायची. इथं थांबली नाही.

बाहेर आल्यावर विचारलं, मेसेज बघितले नाहीस? म्हणाली, "बघितले की. नऊ. अगं, आठवड्यात एकदा येताना नाकी नऊ येतात, ते एका मिनिटात नऊ वेळा कुठून येईल? फोन बंद करून पर्समध्ये टाकला."

मी म्हटलं, पण खरं आलं असतं तर?

ती म्हणाली, "आलं असेल तर भरलं असेल."

हे मला तेव्हा समजलं नाही.

१२.४० ला घरी. आमची टाकी काठोकाठ. अंगण ओलं. नळाखाली उपडं ताट. चतुराबाई ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "सव्वाअकराला वाजलं. तुला हाका मारल्या तर तू गायब. आदी तुमची भरली, मग आमची." मी म्हटलं, मावशी, ताट काढायचं ठरलं होतं. "पावनेअकराला घातलं, तू नव्हती तवा. पाइप बी तुझी आई रातच्यालाच माझ्याकडं देऊन गेली व्हती. म्हनली, पोरीला सांगू नका, तिच्या मनाला लागंल."

सर्व्हिसच्या नोंदी पाहिल्या. शेवटची ११.०९ ला: "मी जिवंत आहे."

शुक्रवार, तीच तारीख. संध्याकाळी ६.१५

आईला विचारलं, मग माझ्यावर विश्वास नव्हता का? ती मेथी निवडत होती. म्हणाली, "तुझ्यावर आहे गं. फोनवर नव्हता." मग म्हणाली, "चतुराबाई एप्रिलमध्येही हेच म्हणाल्या होत्या. मी पाइप लावते, तुम्ही परीक्षेला जा. तू नको म्हणालीस. त्यांचे गुडघे दुखतात म्हणालीस. मग मलाही त्यांना सांगायला बरं वाटेना."

तिनं हे रागानं म्हटलं नाही. मेथी निवडता निवडताच म्हटलं.

जुन्या वहीत एप्रिलचं पान काढलं. माझ्याच अक्षरात आहे: "शेजाऱ्यांनी मदत देऊ केली. नम्रपणे नाकारली. आजोबांना बरं वाटलं असतं."

एकदा वाचलं. दुसऱ्यांदा तपासलं नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर. सकाळी

चतुराबाईंकडं गेले. म्हटलं, मावशी, पुढच्या पाण्याला मी ऑफिसात असेन, आईचा क्लास आहे, तुम्ही आमच्या टाकीत पाइप टाकाल का? वाक्य घरून पाठ करून गेले होते, तरी घाम आला. त्या म्हणाल्या, "त्यात काय लई मोठं?" आणि मला शेंगदाण्याची चटणी वाटीत घालून दिली. वाटी परत करायची आहे. (रिकामी नाही.)

परत येताना जुना फोन घ्यायला नळापाशी गेले. जागेवर नव्हता. ताटाखाली होता. ताट उपडं घातलं की एका बाजूला घसरायचं म्हणे, म्हणून चतुराबाईंनी कडेला तो टेकू दिला आहे, कॅरीबॅगमध्ये गुंडाळून. आता ताट तिरपं राहतं आणि पहिल्यापेक्षा खणखणीत वाजतं, असं त्या म्हणाल्या. पार कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत ऐकू जातं.

फोन तिथंच ठेवला. उचलून बघताना पडदा उजळला होता, तो तीस मिनिटांनी आपोआप काळा होईपर्यंत बघत उभी राहिले.

नोंद: फोन पाण्यावर नेमला. मुदतीनंतर दोन दिवसांनी.